गंगेचा गाळ आणि प्रवाळाचा नकाशा

काशीचा प्रवाळाशी संबंध काय, असे कुणी विचारले तर तिथल्या दूधविनायक मोहल्ल्यातला माणूस बहुधा अंगठीकडे बोट दाखवील. मंगळासाठी पोवळे घालण्याची चाल जुनी आहे आणि काशीत पोवळ्याचे गिऱ्हाईक कधी कमी पडत नाही. पण अंगठीतले ते अस्सल लाल पोवळे बहुतकरून भूमध्य समुद्रातले. इटलीत नेपल्सजवळच्या तोरे देल ग्रेको या गावाने त्याच्या घडणावळीवर पिढ्यान्‌पिढ्या पोट भरले आणि रोमन लेखक प्लिनी यानेही हिंदुस्थानातल्या लोकांना पोवळ्याची किती आवड आहे याची नोंद करून ठेवली आहे. हे लाल पोवळे अंधाऱ्या कपारींत वाढते, उन्हाशी त्याला देणेघेणे नाही, आणि ते समुद्रात भिंती किंवा बेटे उभारत नाही. ज्या प्रवाळाने लक्षद्वीप बांधले ते निराळे. त्या दुसऱ्या प्रवाळाशी काशीचा जो संबंध आहे तो दागिन्याच्या संबंधाहून मोठा आहे, फक्त तो उलट बाजूचा आहे. जगातल्या प्रवाळभित्तींचा नकाशा पाहिला तर बंगालच्या उपसागराच्या माथ्याशी एक लांबरुंद रिकामी जागा दिसते. ती जागा रिकामी राखण्यात ब्रह्माघाट, दुर्गाघाट आणि पंचगंगा घाटाखालून वाहणाऱ्या गंगेचा हात आहे.

शाळेच्या पुस्तकातले उत्तर असे असते की प्रवाळाला उबदार पाणी लागते, म्हणून प्रवाळभित्ती विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना साधारण तीस अंशांच्या आत सापडतात. यात खोटे काही नाही. भित्ती बांधणाऱ्या बहुतेक प्रवाळांना अठरा अंश सेल्सियसच्या खाली फार काळ तग धरता येत नाही आणि तेवीस ते एकोणतीस अंशांत ते सर्वांत चांगले वाढतात. पेरू आणि उत्तर नामिबियाचा किनारा उष्ण कटिबंधात असूनही तिथे प्रवाळभित्ती नाहीत, कारण तिथे थंड प्रवाह वाहतात आणि तळाचे गार पाणी वर येत राहते. उलट बर्म्युडा बत्तीस अंशांवर असूनही गल्फ स्ट्रीमच्या उबेवर तिथे प्रवाळ नांदते. पण उष्णतेने फक्त कुंपण आखले जाते. कुंपणाच्या आत कुठे पीक येईल आणि कुठे पडीक राहील हे तिने ठरत नाही. उत्तर अक्षांश बावीसच्या थोडे अलीकडे-पलीकडे पाहा. पश्चिमेला कच्छच्या आखातात पिरोटन आणि नरारा इथे प्रवाळ आहे. पार पॅसिफिकमध्ये त्याच पट्ट्यात हवाई बेटे आहेत आणि त्यांच्याभोवती प्रवाळभित्ती आहेत. मध्ये सुंदरबन आणि गंगासागर येतात. तिथले पाणी वर्षाचा बहुतेक काळ प्रवाळाला मानवेल इतके उबदार असते, तरी भित्तीचा मागमूस नाही. उष्णता सगळीकडे थोड्याफार फरकाने पुरेशी असताना एका ठिकाणी प्रवाळ नसेल, तर कारण उष्णतेखेरीज दुसऱ्या कशात शोधले पाहिजे. माझे म्हणणे असे की ते कारण नदी हे आहे. आणि ते फक्त बंगालपुरते नाही, आपल्या कोकणालाही लागू आहे.

नदी प्रवाळाचे काय बिघडवते हे कळायला प्रवाळ जगते कसे ते पाहावे लागेल. प्रवाळ हा प्राणी आहे, तोंडाभोवती बारीक बाहू असलेला, एका जागी चिकटून राहणारा. पण त्याच्या पेशींत एकपेशीय शैवाल राहतात. हे शैवाल उन्हाच्या जोरावर साखर तयार करतात आणि तिचा मोठा भाग यजमानाला देतात. उथळ पाण्यातल्या प्रवाळाच्या ऊर्जेच्या गरजेपैकी नव्वद टक्क्यांपर्यंतचा वाटा अशा मार्गाने भागू शकतो. या उधळपट्टीच्या जोरावरच प्रवाळ पाण्यातले कॅल्शियम आणि कार्बोनेट ओढून चुन्याचा सांगाडा बांधते. म्हणून पहिली गरज उजेडाची. निर्मळ पाण्यात भित्ती बांधण्याचे काम पन्नास मीटरच्या आत चालते आणि जोमाने ते पंचवीस-तीस मीटरच्या आतच. पाणी गढूळ झाले की ही खोली झपाट्याने वर सरकते. दुसरी गरज मिठाची. समुद्राच्या एका किलो पाण्यात सरासरी पस्तीस ग्रॅम क्षार असतात. प्रवाळाला बत्तीस ते चाळीसच्या आसपासचा खारटपणा चालतो. गोडे पाणी अंगावर आले की पाणी पेशींत शिरू लागते आणि मुक्काम लांबला तर प्रवाळ मरते. तिसरी गरज बसायला कठीण आणि स्वच्छ जागा. प्रवाळाची अळी काही काळ पाण्यात तरंगते, मग एखादा खडक पकडून आयुष्यभर तिथेच राहते. चिखलावर तिला पाय रोवता येत नाहीत, आणि रोवलेल्या प्रवाळावर गाळ पडत राहिला तर तो झटकण्यासाठी चिकट स्राव तयार करण्यातच त्याची शक्ती खर्ची पडते. चौथी गोष्ट मात्र ऐकणाऱ्याला उलटी वाटते. प्रवाळाला पोषणाने गरीब पाणी लागते. नायट्रेट आणि फॉस्फेट वाढले की समुद्री शेवाळ भराभर वाढून जागा बळकावते आणि चुन्यात भोके पाडणारे जीवही फोफावतात. नदी समुद्राला काय देते? गढूळपणा, गोडे पाणी, चिखल आणि खत. या चारही गरजांवर एकाच वेळी आघात करणारी दुसरी नैसर्गिक शक्ती मला दिसत नाही.

आता गंगेचा हिशोब. पावसाळ्यात पूर ओसरला की काशीच्या घाटांच्या पायऱ्यांवर गाळाचा जाड थर उरतो, आणि तो पाण्याच्या जोरदार फवाऱ्यांनी पुन्हा नदीत ढकलावा लागतो. हा थर म्हणजे नदी जे वाहून नेते त्याचा क्षुल्लक अंश. काशीपासून हल्दियापर्यंत जलमार्गाने जवळजवळ चौदाशे किलोमीटर अंतर आहे आणि त्या वाटेवर गोमती, घागरा, शोण, गंडक, कोसी येऊन मिळतात. मुख्य प्रवाहाला पुढे ब्रह्मपुत्रेचीही गाठ पडते. गंगा आणि ब्रह्मपुत्रा मिळून वर्षाला सुमारे शंभर कोटी टन गाळ आणतात, आणि त्यातला बहुतेक पावसाळ्याच्या चार महिन्यांत येतो. हिमालय अजून उंचावतो आहे आणि मोसमी पाऊस तो खरवडतो आहे, असा हा कोट्यवधी वर्षे चालू असलेला व्यवहार. त्यातून उपसागराच्या तळाशी जो गाळाचा पंखा पसरला आहे तो सुमारे तीन हजार किलोमीटर लांब असून विषुववृत्त ओलांडून पलीकडे गेला आहे. जिथे तो सर्वांत जाड आहे तिथे त्याची जाडी पंधरा किलोमीटरच्या वर भरते. जगात एवढा मोठा गाळाचा साठा दुसरा नाही. गोड्या पाण्याचीही तीच गत. पावसाळ्याच्या अखेरीस उपसागराच्या उत्तर भागात वरच्या थराचा खारटपणा तीसच्याही खाली जातो आणि मुखांजवळ त्याहून बराच खाली. हा हलका गोडसर थर खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतो, म्हणजे नेमका त्या उथळ भागात राहतो जिथे प्रवाळाला ऊन मिळायचे.

यावर एक आक्षेप घेता येईल. बंगालच्या किनाऱ्यावर खडकच नाही, तळ सगळा चिखलाचा. मग प्रवाळ नाही याचा दोष पाण्याला का द्यायचा? आक्षेप रास्त आहे, पण तो मूळ मुद्द्याला बळकटीच देतो. तळ चिखलाचा आहे तो गंगेने केला म्हणूनच. शिवाय याची एक चाचणी निसर्गाने करून ठेवली आहे. बांगलादेशाच्या आग्नेय टोकाला, टेकनाफच्या पुढे सेंट मार्टिन नावाचे छोटे खडकाळ बेट आहे, स्थानिक लोक त्याला नारिकेल जिंजिरा म्हणतात. मोठ्या मुखांपासून ते लांब आहे आणि तिथे बसायला खडक आहे, म्हणून तिथे प्रवाळ आहे. पण त्या प्रवाळाने भित्ती उभी केलेली नाही. खडकांवर विखुरलेल्या वसाहती आहेत, एवढेच. म्हणजे खडक मिळाला तर प्रवाळ बसते, पण पाणी अर्धेमुर्धे अनुकूल असेल तर ते जगते, बांधत मात्र नाही. प्रवाळ असणे आणि प्रवाळभित्ती असणे या दोन गोष्टींची गल्लत वर्तमानपत्री बातम्यांत नेहमी होते आणि या विषयावरचे निम्मे वाद त्यातूनच निघतात.

कच्छचा आक्षेप याहून अवघड. कच्छच्या आखातातले पाणी मुळीच निर्मळ नाही. ओहोटीला नराऱ्याच्या खडकांवरून चालत जाऊन प्रवाळ पाहता येते ते डबक्यांत, दूरवरच्या स्वच्छ निळाईत नव्हे. गढूळपणाने प्रवाळ अडत असेल तर ते इथे कसे? उत्तर असे की कच्छला चारांपैकी एकच आघात पुरता सोसावा लागतो. पाऊस थोडा, मोठी नदी आखातात येत नाही, त्यामुळे खारटपणा खाली येत नाही. उलट बाष्पीभवनाने तो खुल्या समुद्राहून जास्त असतो. भरती-ओहोटीतला फरक आखाताच्या आतल्या टोकाशी सहा-सात मीटरपर्यंत जातो आणि त्या जोराने गाळ हलता राहतो, प्रवाळावर कायमचा बसत नाही. तरीही किंमत मोजावी लागतेच. तिथे गोलमटोल, धीम्या गतीने वाढणाऱ्या, चिवट जातीच वरचढ आहेत. मन्नारच्या आखातात कठीण प्रवाळाच्या ११७ जातींची नोंद आहे. कच्छमध्ये जातींची संख्या त्याहून पुष्कळ कमी भरते. सिंगापूरच्या समुद्रातही असेच दिसते. तिथे पाणी इतके गढूळ आहे की दोन मीटरपलीकडचे धड दिसत नाही, पण प्रवाळ आहे. मात्र ते सहा-आठ मीटरच्या खाली उतरत नाही. गाळ नियम मोडत नाही, तो प्रवाळाला पृष्ठभागाजवळच्या पातळ पट्ट्यात कोंडतो.

आपल्या मराठी वाचकासाठी सर्वांत बोलका पुरावा कोकणचा आहे. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आणि पद्मगडाच्या परिसरात खडकांवर प्रवाळ आहे, आणि १९८७ साली सुमारे २९ चौरस किलोमीटरचे मालवण सागरी अभयारण्य जाहीर झाले ते अशा जीवसृष्टीमुळेच. मासेमारी बंद होईल या भीतीने मच्छीमारांनी अभयारण्याला विरोध केला, तो वाद अनेक वर्षे चालला. पुढे स्नॉर्केलिंगचा धंदा फुलला आणि प्रवाळावर पाय देऊन उभे राहणारे पर्यटक हा नवा ताप सुरू झाला. पण मालवणचे प्रवाळ म्हणजे खडकांवरचे ठिपके आहेत. थोड्या खोलीच्या पुढे ते विरळ होत जाते. कोकणच्या नद्या गंगेपुढे ओढ्यांसारख्या, तरी पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस जांभ्याच्या डोंगरउतारांवरून त्यांच्या वाटे खाली येतो आणि जून ते सप्टेंबर किनाऱ्याचे पाणी लालसर, गढूळ आणि खवळलेले असते. आता किनारा सोडून आत जा. विजयदुर्गाच्या पश्चिमेला सुमारे १०५ किलोमीटरवर समुद्राखाली एक विस्तीर्ण पठार आहे. कान्होजी आंग्र्यांच्या नावावरून त्याला आंग्रिया बँक म्हणतात. त्याचा माथा पाण्याच्या पृष्ठभागापासून वीस मीटरच्या आसपास खोल आहे आणि कडेला समुद्र एकदम खोल होतो. इतक्या खोलीवर मालवणच्या किनारी पाण्यात प्रवाळाला फारसे ऊन मिळाले नसते. आंग्रियावर मात्र प्रवाळ भरघोस आहे. अक्षांश जवळपास तोच, समुद्र तोच, मोसमी वारा तोच, पाण्याची ऊबही फारशी वेगळी नाही. बदलले ते किनाऱ्यापासूनचे अंतर, आणि त्याबरोबर पाण्याचा निर्मळपणा. आंग्रिया माणसाच्या हाताबाहेर आहे म्हणून शाबूत राहिले, असेही कुणी म्हणेल. त्यात तथ्य आहे, पण तेवढ्याने माणसाच्या उपद्रवाआधीही मालवणच्या किनाऱ्यावर भित्ती का उभी राहिली नाही याचे उत्तर मिळत नाही. लक्षद्वीप हे या विचाराचे दुसरे टोक. केरळच्या किनाऱ्यापासून दोनशे ते साडेचारशे किलोमीटरवरची ही बेटे इतकी सपाट आणि लहान आहेत की तिथे नदी नावाची गोष्टच नाही, आणि देशातली कंकणाकृती प्रवाळद्वीपे तिथेच आहेत.

चार्ल्स डार्विन १८३६ साली हिंदी महासागरातल्या कीलिंग बेटांवर गेला आणि १८४२ साली त्याचे प्रवाळभित्तींवरचे पुस्तक निघाले. त्याने कंकणद्वीपे बुडत जाणाऱ्या ज्वालामुखींभोवती कशी तयार होतात हे सांगितले. पॅसिफिकमधल्या एनिवेटॉक बेटावर १९५२ साली खोदकाम झाले तेव्हा चौदाशे मीटरच्या आसपास प्रवाळी चुनखडीच्या खाली ज्वालामुखीचा खडक लागला आणि डार्विनचा तर्क खरा ठरला. पण हे सगळे शक्य झाले ते नद्यांपासून हजारो किलोमीटर दूर असलेल्या महासागराच्या मध्यात. जमिनीच्या कुशीतल्या प्रवाळाची कथा वेगळी लिहावी लागते, आणि तिचा एक धागा ऑस्ट्रेलियातून येतो. ग्रेट बॅरियर रीफच्या किनाऱ्याकडच्या प्रवाळांत वर्षागणिक थर असतात, झाडाच्या बुंध्यात असतात तसे. पीटर इस्डेलने १९८४ साली दाखवले की अतिनील प्रकाशात या थरांत चमकणारे पट्टे दिसतात आणि ते बर्डेकिन नदीच्या पुरांशी जुळतात. पुढे २००३ साली माल्कम मॅककुलक आणि सहकाऱ्यांनी थरांतल्या बेरियमचे प्रमाण मोजले. हे मूलद्रव्य गाळाबरोबर येते. १८७० च्या सुमाराला वसाहतवाल्यांची गुरे खोऱ्यात चरू लागली तेव्हापासून नदीतून येणारा गाळ पाचपट ते दहापट वाढल्याचे त्यातून दिसले. नद्यांचा हात प्रवाळापर्यंत पोचतो हे इथे केवळ जागा-जागांची तुलना करून नव्हे, तर एकाच जागेच्या काळाच्या नोंदीतून दिसते.

अ‍ॅमेझॉनच्या मुखाबाहेर २०१६ साली भित्तीचा शोध जाहीर झाला तेव्हा हे सगळे शास्त्र कोसळले अशा थाटाच्या बातम्या आल्या होत्या. जगातली सर्वांत मोठी नदी, आणि तिच्या गढूळ पाण्याखाली भित्ती! पण ती भित्ती बऱ्याच अंशी खोल पाण्यातली आहे, आणि तिथे राज्य आहे ते मुख्यतः स्पंजांचे आणि चुना साठवणाऱ्या लाल शैवालांच्या गोट्यांचे. नदीचे पाणी वरच्या थरात पसरते, खाली खारे पाणी शाबूत राहते, आणि जे जीव उन्हावर फारसे अवलंबून नाहीत ते तिथे तगतात. ज्या प्रवाळाला अंगात शैवाल पोसायचे आहे त्याला त्या भागात फार थोडी जागा मिळाली आहे. अपवाद म्हणून पुढे आणलेली ही गोष्ट नियमाचीच उदाहरणे वाढवते.

खरी अडचण उष्णतेकडूनच परत येते. १९९८, २०१० आणि २०१६ साली लक्षद्वीपचे प्रवाळ पाणी तापल्यामुळे पांढरे पडले आणि बरेचसे मेले. पाणी सहन होण्यापलीकडे तापले की प्रवाळ आपल्या अंगातल्या शैवालांना बाहेर टाकते, आणि ऊब लवकर उतरली नाही तर उपाशी मरते. २०२४ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या सागरी संस्थेने जगभर अशी चौथी लाट चालू असल्याचे जाहीर केले. लक्षद्वीपला नदी नाही, निर्मळ पाणी आहे, तरी ते वाचले नाही. उलट काही ठिकाणी गढूळ पाण्यातल्या प्रवाळाला सावली मिळून कमी चटका बसल्याचे निरीक्षण आहे. मग नदीला गुन्हेगार का धरावे? माझे उत्तर असे की मी नदीला गुन्हेगार धरतच नाही. गाळाने मिळणारी सावली हा तोट्यातला फायदा आहे: पाणी तापलेल्या आठवड्यांत ती कामी येते, पण त्यानंतर भित्ती पुन्हा उभारायला जे ऊन, जी स्वच्छ जागा आणि जो खारटपणा लागतो तो गाळ आणि गोडे पाणी हिरावून घेतात. निर्मळ पाणी पुरेसे नाही हे लक्षद्वीपने दाखवले. पण म्हणून भरघोस भित्तीला ते लागतच नाही, असा अर्थ त्यातून निघत नाही.

आणि गाळाला शत्रू म्हणणे बंगालच्या बाबतीत तर अन्यायाचे होईल. ज्या गाळाने प्रवाळ अडवले त्यानेच सुंदरबनची कांदळवने उभी केली, जगातला सर्वांत मोठा त्रिभुज प्रदेश बांधला आणि त्यावर कोट्यवधी लोक आणि भातशेती पोसली. शिवाय नदी आणि प्रवाळ यांच्यातली सीमा कायमचीही नाही. समुद्राची पातळी वीस हजार वर्षांपूर्वी सुमारे १२० मीटर खाली होती, तेव्हा किनारा आजच्यापेक्षा पुष्कळ दूर होता आणि आंग्रियाचा माथा पाण्याबाहेर होता. म्हणजे आजच्या प्रवाळभित्तींची सध्याची वाढ गेल्या आठ-नऊ हजार वर्षांतलीच आहे आणि नद्यांबरोबरच्या सीमा या काळात नव्याने ठरल्या आहेत. १९७५ साली फरक्का धरण सुरू झाले, हिमालयातल्या आणि पठारावरच्या इतर धरणांतही गाळ अडतो आहे. मग उद्या उपसागराचे पाणी निवळून तिथे प्रवाळ येईल का? तशी आशा करण्यात अर्थ नाही. गाळ घटला तरी मोसमी पावसाचे गोडे पाणी येतच राहील, तळाशी असलेला चिखल काही खडक होणार नाही, आणि गाळ मिळाला नाही तर त्रिभुज प्रदेश खचत जाऊन समुद्र आत येईल तो प्रवाळाची वसाहत घेऊन नव्हे, भातखाचरांत खारे पाणी घेऊन.